चाई आणि गळ्यातली ग्रंथी

चाई पडली आहे हे ज्याला पडते त्याला सहसा सगळ्यांच्या शेवटी कळतं. ती सापडते दुसऱ्याच्या हाताला. लेकीची वेणी घालताना आईचं बोट एकाएकी गुळगुळीत जागेवर सरकतं, केस कापता कापता नाभिक कात्री थांबवून विचारतो, "हे कधीपासून?", किंवा नृसिंहवाडीला मुंजीसाठी आणलेल्या पोराला क्षौरासाठी पाटावर बसवलं की मानेच्या वर, कानामागे, रुपयाएवढं गोल टक्कल सगळ्या पाहुण्यांसमोर उघडं पडतं. मग कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतं कीड लागली, कुणी उंदरी म्हणतं, कुणी विचारतं घरात कुणाची नजर वाईट आहे का.

ती जागा नीट जवळून पाहावी. कातडी लाल नसते, सुजलेली नसते, तिच्यावर कोंडा किंवा खपली नसते. हात फिरवला तर तळहातासारखी मऊ लागते. कडेला मात्र काही आखूड, तीन-चार मिलिमीटरचे केस उभे असतात. त्यांचं टोक जाड आणि मूळ बारीक असतं. त्वचारोगतज्ज्ञ त्यांना उद्गारचिन्हाचे केस म्हणतात आणि भिंगातून ते दिसले की बहुतेक वेळा निदान तिथेच होतं. लहान मुलांच्या डोक्यावर बुरशीमुळेही चट्टे पडतात. पण बुरशीत खाज असते, कोंडा असतो, केस मुळाशी तुटलेले असतात, आणि त्यावर पोटातून घ्यायचं बुरशीविरोधी औषधच लागतं. दोन्ही आजार एकाच नावाने ओळखले गेले की उपचार चुकतो.

नृसिंहवाडीकडे दुखणी घेऊन येणाऱ्यांची रीघ काही आजची नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरचं हे दत्तस्थान. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी इथे परत आली आणि त्याने औरवाड, गौरवाड ही गावं देवस्थानाला दिली, ही कथा इथलं पोरसुद्धा सांगेल. औदुंबराखाली बसून सेवा करणाऱ्यांत पोटशूळाचे, अपस्माराचे, अंगावर कोड आलेले, मन थाऱ्यावर नसलेले लोक पिढ्यानपिढ्या आले आहेत. आणि इथून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर मिरज. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी तिथे मिशन रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि सांगली-कोल्हापूरच नव्हे तर सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर भागातले लोकही दवाखान्यासाठी मिरज गाठायला लागले. कृष्णाकाठच्या माणसाला या दोन वाटांत विरोध वाटत नाही. सकाळी पादुकांचं दर्शन आणि दुपारी मिरजेतल्या डॉक्टरांचा नंबर, हा इथला जुना रिवाज आहे.

त्या डॉक्टरांनी चाई पाहिली आणि चिठ्ठीवर टीएसएच आणि अँटी-टीपीओ लिहिलं की घरचे बुचकळ्यात पडतात. केस गेले डोक्याचे, मग रक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठी कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर रुग्णाला मिळायला हवं. गर्दीच्या ओपीडीत ते मिळत नाही. मग रिपोर्टवर अँटी-टीपीओपुढे ठळक अक्षरात मोठा आकडा दिसतो, आणि तो आकडा हेच केस गळण्याचं कारण असा समज घेऊन माणूस घरी जातो.

आधी केसांचं पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं मूळ आपापल्या चक्राने चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवड्यांचं आवरतं घेणं, सुमारे तीन महिन्यांची विश्रांती, आणि मग जुना केस गळून नवा. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बहुतेक अवयवांवर सतत पहारा ठेवते, पण वाढीच्या अवस्थेतल्या केसाच्या मुळाला तिने बरीच मोकळीक दिलेली असते. त्या मुळाच्या पेशी स्वतःची ओळख पटवणारे रेणू पृष्ठभागावर फारसे दाखवत नाहीत आणि आजूबाजूला प्रतिकारशक्तीला शांत ठेवणारी रसायनं सोडत राहतात. डोळा आणि गर्भाशयातलं बाळ यांनाही अशीच सवलत असते. चाईमध्ये ही सवलत काही ठिकाणी संपते. टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी मुळाभोवती गोळा होतात, इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेश सुटतात, त्या संदेशांनी मुळाच्या पेशी आणखी उघड्या पडतात आणि आणखी टी पेशी येतात. केस वाढ अर्ध्यावर सोडून गळतो.

पण मूळ मरत नाही. चाईत सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच. मूळ जिवंत असतं, म्हणून महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा, केस परत येऊ शकतात. येताना ते बहुतेकदा आधी पांढरे येतात आणि लोक घाबरतात. घाबरू नये, ती बरं होण्याची खूण आहे, रंग मागून येतो. रोगाचा रोख रंगद्रव्य बनवणाऱ्या केसांवर जास्त असतो, म्हणून चाई पसरत असतानाही आधीचे पिकलेले केस पुष्कळदा टिकून राहतात. एका रात्रीत डोकं पांढरं झाल्याच्या जगभरातल्या कथांमागे बहुधा हेच असावं: काळे भराभर गळाले आणि पांढरे तेवढे मागे राहिले.

हा आजार दुर्मिळ नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आयुष्यात केव्हातरी चाई होण्याचं प्रमाण शंभरात दोघांच्या आसपास निघालं. चंडीगढच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्वचाविभागात येणाऱ्या नव्या रुग्णांपैकी ०.७ टक्के चाईचे होते. कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या शाळेत एखादं तरी मूल यातून गेलेलं सापडेल.

आता गळ्याकडे. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठातले तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथींचं वर्णन जर्मन भाषेतल्या नियतकालिकात छापलं. ग्रंथी सुजलेल्या होत्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात पांढऱ्या पेशींची दाटी होती. या पेशी तिथे का आल्या, हे पुढची चाळीसहून अधिक वर्षं कुणाला सांगता आलं नाही. शरीर स्वतःविरुद्ध अँटीबॉडी तयार करणारच नाही, अशी त्या काळची पक्की धारणा होती.

ती धारणा १९५६ मध्ये मोडली. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक या डॉक्टर अशा रुग्णांवर काम करत होत्या. रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनचं, म्हणजे अँटीबॉडी ज्यांत असतात त्या प्रथिनांचं, प्रमाण वाढलेलं असतं आणि शस्त्रक्रियेने ग्रंथी काढल्यावर ते उतरतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे ग्रंथीतलंच काहीतरी त्या वाढीला कारण असणार. इव्हान रोइट आणि पीटर कॅम्पबेल या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी रुग्णाचा रक्तरस आणि थायरॉइडचा अर्क एकत्र आणून पाहिला, आणि दोन्ही जिथे भेटले तिथे स्पष्ट साका उमटला. माणसाच्या रक्तात त्याच्याच अवयवाविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या. त्याच वर्षी अमेरिकेत बफेलो इथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये हाच प्रकार प्रयोगाने घडवून दाखवला. स्वप्रतिकार आजारांचं आजचं सगळं शास्त्र या एका वर्षात पायावर उभं राहिलं, आणि त्याचं दार उघडलं ते थायरॉइडने.

आज प्रयोगशाळेत मोजली जाणारी अँटी-टीपीओ ही त्याच घराण्यातली. टीपीओ म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज, ग्रंथीत आयोडीन जोडून हार्मोन तयार करणारं एन्झाइम. त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या म्हणजे ग्रंथीत स्वप्रतिकाराची प्रक्रिया चालू आहे किंवा होऊन गेली आहे. ग्रंथी काम नीट करते की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी टीएसएच. मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला जागं ठेवायला हे हार्मोन सोडते. थायरॉइड मंदावली की टीएसएच चढतं.

इथे शिरोळ तालुक्यातल्या कुणालाही लगेच कळेल असं सांगतो. महापूर ओसरला की भिंतीवर पाण्याची रेघ राहते. २०१९ च्या ऑगस्टमधली रेघ कुरुंदवाड-वाडीच्या कितीतरी भिंतींवर लोकांनी पुसली नाही. त्या रेघेवरून पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. शेजारचं घर मात्र रेघेने पडलेलं नसतं, पाण्याने पडलेलं असतं. अँटी-टीपीओ चाईच्या संदर्भात अशीच रेघ आहे. ती केसांच्या मुळावर हल्ला करत नाही. तिचं लक्ष्य थायरॉइडमधलं एन्झाइम आहे, आणि केस पाडण्याचं काम टी पेशी करतात. पण ज्या प्रतिकारशक्तीने केसांच्या मुळाशी घोटाळा केला, तिनेच गळ्यातही केला आहे का, याची खूण ती देते.

हे दोन घोटाळे एकाच माणसात दिसण्यामागे जनुकांचा हात आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने २०१० मध्ये चाईच्या रुग्णांची जनुकं निरोगी लोकांशी ताडून पाहिली. क्रिस्टियानो यांना स्वतःला हा आजार आहे, आणि त्यांच्या कामातली चिकाटी त्यातून आली असावी असं मला वाटतं. त्यांना सापडलेल्या जागांपैकी अनेक जागा प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या जनुकांच्या होत्या. त्यांतलं सीटीएलए-४ हे जनुक आणि एचएलए हा जनुकांचा प्रदेश थायरॉइडच्या स्वप्रतिकार आजारांतही पुन्हा पुन्हा पुढे येतात. म्हणून एकाच घरात आजीला थायरॉइडची गोळी, मावशीला कोड, भाच्याला बालपणातला मधुमेह आणि नातीला चाई असं दिसतं. लोक याला घराण्याचा दोष म्हणतात. दोष कुणाचाच नाही; वारसा मात्र आहे, आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा परिस्थिती ठरवते.

नातं किती घट्ट, हा पुढचा प्रश्न. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले की चाईच्या रुग्णांत थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी निरोगी लोकांपेक्षा जास्त वेळा सापडतात, हे स्पष्ट दिसतं. प्रत्यक्ष थायरॉइडचं काम बिघडलेलं असण्याशी असलेलं नातं मात्र त्यापेक्षा सैल निघतं. आणि आपल्याकडे आणखी एक भान ठेवावं लागतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत थायरॉइड मंद असलेले लोक १०.९५ टक्के निघाले आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेले २१.८५ टक्के. रस्त्यावरून जाणाऱ्या पाचांपैकी एकाच्या रक्तात ही अँटीबॉडी असेल, तर चाईच्या एखाद्या रुग्णात ती सापडणं हा निव्वळ योगायोगही असू शकतो. एकट्या रुग्णाच्या रिपोर्टवरून "यामुळेच केस गेले" असं कुणी ठामपणे सांगत असेल तर ते सांगण्याला आधार नाही.

मग तपासावं की नाही? ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शिकेत चाईच्या बहुतेक रुग्णांना रक्ततपासणीची गरज नाही असं म्हटलं. आपल्याकडचे बरेच डॉक्टर टीएसएच करून घेतात, आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे. ज्या देशात दहा प्रौढांमागे एकाची थायरॉइड मंद आहे आणि त्यांतल्या कितीतरी जणांना त्याचा पत्ता नाही, तिथे टीएसएच ही स्वस्त तपासणी एकदा तरी व्हावी. विशेषतः बाई असेल, घरात थायरॉइड असेल, गळ्याशी सूज असेल, मुलाची उंची वाढत नसेल किंवा चट्टे झपाट्याने पसरत असतील तर नक्कीच. अँटी-टीपीओ केली तर एकदा पुरे. दर तीन महिन्यांनी ती करून आकडा ६०० वरून ४५० वर आला म्हणून पेढे वाटण्यात काही अर्थ नाही. वेगवेगळ्या किटच्या मर्यादाही वेगळ्या असतात, एका ठिकाणी नऊच्या वर जास्त तर दुसरीकडे चौतीसच्या वर, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून काही निष्कर्ष निघत नाही.

अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आणि टीएसएच नॉर्मल, अशा माणसाचं पुढे काय होतं याचं सगळ्यात चांगलं उत्तर इंग्लंडच्या ईशान्येकडच्या व्हिकहॅममधून मिळतं. तिथे सत्तरच्या दशकात तपासलेल्या लोकांना वीस वर्षांनी पुन्हा गाठलं. नुसत्या अँटीबॉडी असलेल्या बायकांपैकी दरवर्षी सुमारे २.१ टक्के जणींची थायरॉइड मंदावली. अँटीबॉडीही आणि चढलेलं टीएसएचही असलेल्यांत ते प्रमाण वर्षाला ४.३ टक्के होतं. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, विसरून जाण्यासारखंही नाही. वर्षातून एकदा टीएसएच बघत राहायचं. दिवस राहिले किंवा राहावेत असं मनात असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण गरोदरपणात ग्रंथीवर भार वाढतो आणि बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर चालते.

टीएसएच नॉर्मल असताना केवळ अँटीबॉडीसाठी थायरॉक्सिनची गोळी घेतल्याने चाईवर केस येतील, असं मानायला आधार नाही. थायरॉइड खरोखर मंद असेल तर गोळी हवीच, आणि तिने केसांना फायदाही होतो, पण तो वेगळ्या केसगळतीत. थायरॉइडचे हार्मोन केसांची वाढीची अवस्था लांबवतात. ते कमी पडले की सगळ्या डोक्यावरचे केस विरळ, कोरडे, राठ होतात, भुवयांची बाहेरची टोकं झडतात. जोडीला थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होतं, पाळी बिघडते, अंग जड होतं. विंचरताना कंगव्यात गुंतवळ येतो, पण गोल टक्कल पडत नाही. एकाच बाईला दोन्ही असू शकतं. तेव्हा गोळीने विरळपणा भरून येतो आणि चट्टा तसाच राहतो, आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणून ती सोडून दिली जाते. असं करू नये.

तिसरी केसगळती या दोन्हींपेक्षा जास्त लोकांना गाठते. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा जबर धक्का बसला की पुष्कळशी मुळं एकदम विश्रांतीत जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी ते सगळे केस एकत्र गळतात. ऑगस्टच्या महापुरात घर सोडावं लागलेल्या बाईचे केस दिवाळीच्या सुमारास मूठमूठ जायला लागले, तर हिशेब नेमका बसतो. बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं आज्या सांगतात त्यातही तीन महिन्यांचंच गणित आहे. ही गळती सहा-आठ महिन्यांत आपोआप थांबते. पण बाळंतपणानंतर अँटी-टीपीओ असलेल्या बायकांना थायरॉइडची सूज येण्याचा धोका जास्त असतो, आधी छातीत धडधड आणि मग मरगळ अशा क्रमाने, आणि ती "बाळंतिणीचा अशक्तपणा" या नावाखाली लपून जाते. बाळ वर्षाचं होत आलं तरी आईचे केस आणि तिची उमेद परतली नसेल तर तिचं टीएसएच करावं. डिंकाच्या लाडवांबरोबर हेही होऊ द्या.

आता एक धोक्याची गोष्ट. अँटी-टीपीओ वाढल्याचं कळलं की लोक सेलेनियमच्या गोळ्या शोधतात. त्यामागे शास्त्र आहे. शरीरातल्या सगळ्या अवयवांत वजनाच्या मानाने सर्वाधिक सेलेनियम थायरॉइडमध्ये असतं, हार्मोनला कामाच्या रूपात आणणारी एन्झाइमं त्याच्यावर चालतात, आणि काही चाचण्यांत सेलेनियमने अँटी-टीपीओचा आकडा उतरलाही आहे. रुग्णाला त्याने बरं वाटतं किंवा थायरॉइडची गोळी सुटते, असं मात्र ठामपणे दिसलेलं नाही. दिवसाला आपली गरज मायक्रोग्रॅममध्ये, चाळीस-पन्नासच्या घरात आहे, आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी ४०० मायक्रोग्रॅम ही वरची हद्द सांगितली आहे. ही हद्द सतत ओलांडली गेली की काय होतं ते महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. डोकं खाजायचं, केस ओढले की निघायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. म्हातारे, तरुण, मुली, कुणीच सुटलं नाही. आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला. आधी खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर संशय आला, मग बुरशीवर. केंद्राची पथकं आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या उपचारासाठी देश ज्यांना ओळखतो, त्यांनी स्वतः गावांत जाऊन नमुने घेतले आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं आणि झिंक कमी असल्याचं सांगितलं. बोट रेशनच्या गव्हाकडे गेलं. पुढे काही जणांची नखंही गळाली, आणि सेलेनियमच्या विषबाधेत हे होतंच. त्या गावांतली केसगळती ही चाई नव्हती, तिचा थायरॉइडच्या अँटीबॉडीशी संबंध नव्हता. पण ज्या खनिजाची गोळी आपण केस वाचवायला म्हणून घेतो, त्याचाच अतिरेक केस पाडतो, हे त्या गावांच्या किमतीवर आपल्याला कळलं आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सेलेनियम घेऊ नका.

बायोटिनचंही तसंच. केस गळायला लागले की औषधाच्या दुकानातून बायोटिनची पाच-दहा मिलिग्रॅमची गोळी आणली जाते. गरज असते तिच्या कैक पट हा डोस. बायोटिन शरीराला अपाय करत नाही, पण रक्ततपासणीला फसवतं. थायरॉइडच्या अनेक तपासण्यांची यंत्रं बायोटिनवर बेतलेली असतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉक्सिन) खोटं जास्त दिसू शकतं, अँटीबॉडीचे आकडेही बिघडू शकतात. मंद थायरॉइड असलेल्या बाईचा रिपोर्ट अतिसक्रिय थायरॉइडसारखा येतो आणि चालू गोळी कमी केली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे रक्त घेणारा मुलगा उपाशीपोटी आहात ना एवढंच विचारतो.

आता उपचार. डोक्यावर एक-दोनच चट्टे असतील तर जवळपास निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परततात. त्यामुळे चाईत शेवटी जो उपाय केलेला असतो त्याला श्रेय मिळतं: गुंज, लसूण, कांद्याचा रस, अंगारा, गोळी, मलम. कांद्याच्या रसाची तर बगदादमध्ये छोटीशी चाचणीही झाली होती, आणि २००२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात रस लावलेल्या तेवीस जणांपैकी वीस जणांना केस आले. कातडीला हलकी चुरचुर लावून प्रतिकारशक्तीचं लक्ष वळवण्याचं तंत्र त्वचारोगतज्ज्ञही वापरतात, तेव्हा यात तथ्य असू शकतं. पण एवढ्याशा अभ्यासावर निर्णय होत नाही. बिब्बा मात्र लावू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, वण राहतो, आणि वणाखालचं मूळ मेलं की ते कायमचं. चाईने न मारलेलं मूळ आपण आपल्या हाताने मारतो.

डॉक्टरांकडे चट्ट्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं असतात, चार-सहा आठवड्यांनी एकदा. प्रौढांच्या मोजक्या चट्ट्यांना ती चांगली लागू पडतात. मुलांना बहुतेकदा मलम. सगळं डोकं, भुवया, अंगावरची लव गेली असेल तर वाट अवघड. तिथे आता जेएके इनहिबिटर नावाची औषधं आली आहेत, इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पुढे जाण्याआधी अडवणारी. जून २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या औषधाला चाईसाठी पहिली मान्यता मिळाली. मोठ्या चाचण्यांत जास्त डोस घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांच्या डोक्याचा बहुतेक भाग नऊ महिन्यांत भरून आला. औषध बंद केलं की केस पुन्हा जाऊ शकतात. आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असल्याने आपल्या देशात आधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. ओळखीच्या दुकानातून परस्पर घ्यायची ही वस्तू नाही.

यांतला कोणताही उपचार अँटी-टीपीओचा आकडा पाहून ठरत नाही. चट्टे किती, कुठे, किती दिवसांचे, नखांवर खळगे आहेत का, वय काय, यावर तो ठरतो. कानामागून मानेभोवती पट्ट्यासारखी गेलेली चाई आणि लहानपणी सुरू झालेली चाई जास्त हट्टी असते, थायरॉइड कशीही असो.

लग्नाच्या वयाच्या मुलीला चाई पडली की घरात जे सुरू होतं त्याबद्दल शेवटी सांगतो. स्थळ आलं की डोक्यावरून पदर, ओढणी. नात्यात कुणाला कळू द्यायचं नाही. शेजारणीने विचारलं तर टायफॉइड सांगायचं. शाळेत अशा मुलाला वेगळ्या बाकावर बसवलं जातं, त्याची टोपी कुणी घालत नाही. चाई स्पर्शाने, कंगव्याने, उशीने, एका पाण्यात अंघोळ केल्याने पसरत नाही. ती कुणाच्या पापाने येत नाही आणि नजरेने तर नाहीच. वाडीला सेवेला जरूर बसा, मन स्थिर राहिलं तर या आजाराची लांबलचक वाट सोसायला बळच मिळेल. पण त्याआधी किंवा त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांना डोकं दाखवा, एकदा टीएसएच करा, त्याच्या दोन-तीन दिवस आधी बायोटिनची गोळी बंद ठेवा, आणि रक्त देताना ती गोळी घेत होतो हे प्रयोगशाळेत सांगा.